मोजणी सकाळी आठ ते नऊ

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१५
आजपासून रोजनिशी. चळवळींचा इतिहास नंतर भलतेच लोक लिहितात, म्हणून मूळ प्रत माझ्याकडे असलेली बरी.
चळवळीचं कारण: काल शाळेच्या रस्त्यावर एका मोटारीचा आरसा सौ.च्या कोपराला लागला. ती रोज सायकलने दवाखान्यात जाते. फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांची कोपरं बरी करते. पडली नाही, थोडक्यात वाचली. मोटारवाला थांबलासुद्धा नाही. ऐकून संताप आला. त्या भरात सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की या रस्त्यावर सायकलींना वेगळी, कठडा असलेली लेन मिळालीच पाहिजे. एकवीस अंगठे आले! समाज माझ्याकडे डोळे लावून बसलाय.
संकल्प: एक, लेन मिळवणे. दोन, आजपासून मीही ऑफिसला सायकलने. मोटार फक्त आणीबाणीत.

२ फेब्रुवारी, सकाळी ९.०५
आणीबाणी. मागच्या चाकात हवा नाही. मोटारीने आलो.

५ फेब्रुवारी
समिती स्थापन! जागा: सायकल दुरुस्तीवाल्या काकांचं दुकान. उपस्थिती: सौ., कन्या (दहावीत, स्वभावाने विरोधी पक्षात), काका आणि दवाखान्यातल्या तीन नर्स. अध्यक्षपदासाठी माझं नाव पुढे आलं. पुढे मीच आणलं, पण विरोध झाला नाही. सौ. त्या वेळी छताकडे बघत होती.
काका म्हणाले, साहेब, सायकल आणा की, दोन मिनिटांत हवा भरून देतो. त्यांना सांगितलं, आधी चळवळ, मग हवा. काकांनी हातातला पंप खाली ठेवला. वाक्य जमलं होतं.

९ फेब्रुवारी
रस्ते विभागात गेलो. इंजिनियरबाई वयाने लहान, पण बर्फाची लादी. माझं निवेदन नऊ पानी. तिने शेवटचं पान काढून वाचलं आणि म्हणाली की पांढरा पट्टा मारून देते. मी आभार मानायला उठलोच होतो. तेवढ्यात सौ. म्हणाली, पट्ट्याला कुठली मोटार घाबरते हो, आम्हाला मध्ये काहीतरी उभं हवंय.
बाई म्हणाली, मग आकडा लागेल. सकाळी आठ ते नऊ शाळेच्या फाटकासमोरून दोनशे सायकली गेल्या, तर कमीत कमी प्लास्टिकचे खांब नक्की. तिचा माणूस खुर्ची टाकून मोजणार. तारीख २४.
दोनशे! माझ्या डाव्या हातचा मळ.

१३ फेब्रुवारी
समितीचं बोधचिन्ह तयार केलं. चाकात सूर्य. कन्येच्या मते तळलेलं अंडं दिसतंय. या पिढीला प्रतीकं कळत नाहीत.
सायकल: हवा भरली, पण हेल्मेटने केस बसतात. ऑफिसात व्यक्तिमत्त्वाचा प्रश्न असतो. मोटारीने गेलो.

१८ फेब्रुवारी
कामाची विभागणी चोख आहे. सौ. आणि काका शाळेत, दवाखान्यात, कारखान्याच्या फाटकावर जाऊन सायकलवाल्यांना भेटतात, मी घोषणा रचतो. त्यांची यादी दीडशेच्या वर गेली. माझ्या घोषणा चार झाल्या. एक कन्येने मीटरमध्ये बसत नाही म्हणून बाद केली. रस्त्यावर मीटर कोण बघतो?
सायकल: उलटा वारा. मोटार.

२२ फेब्रुवारी
महाकल्पना सुचली! २४ तारखेला सगळ्यांनी साडेसातला मैदानावर जमायचं. माझं दहा मिनिटांचं भाषण. मग आठला सगळ्यांनी मिळून फाटकासमोरून दणक्यात जायचं. मोजणाऱ्या माणसाची बोटं दुखली पाहिजेत.
सौ. म्हणाली, जमायचं कशाला? रोज जातात तसं आपापल्या कामाला जाऊ देत, यादीतले नवे लोक त्यात येतील, दोनशे सहज होतात. तिला गर्दीचं मानसशास्त्र माहीत नाही. स्नायूंपुरतं तिचं ज्ञान उत्तम आहे. लाउडस्पीकर ठरवला.

२४ फेब्रुवारी, सकाळी ५.५०
झोप लागली नाही. आकाश स्वच्छ. आवाज स्वच्छ. मी तयार.

२४ फेब्रुवारी, दुपारी १.३०
भाषण अप्रतिम झालं. हे आधी नोंदवतो.
मैदानावर एकशे त्र्याण्णव सायकली, शिवाय अजून येतच होत्या! असा समुदाय समोर बघून माझ्या तोंडाचा पट्टा जो सुटला, तो माझाच मला आवरेना. लोक सारखे घड्याळं बघत होते. क्षण टिपून ठेवत असावेत. मागून काका दोन्ही हात जोरजोरात हलवत होते. मला वाटलं, लोकांना आवडतंय, वाढवा म्हणतायत. वाढवलं. मध्येच सौ. स्टेजवर आली आणि तिने मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. मी माइकवरून तिचे जाहीर आभार मानले. शेवटी कन्येने स्पीकरची वायर काढली.
फाटकापाशी पोचलो तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं. मोजणारा खुर्ची घडी करत होता. आकडा: अकरा. त्यात पेपरवाला दोनदा.
माझ्या चार घोषणा, दोनशे माणसं, आणि अकरा! इंजिनियरबाईला फोन केला. म्हणाली, आठ ते नऊ म्हणजे आठ ते नऊ.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
कारणमीमांसा: सरकारी घड्याळ पुढे असणार. कन्येचं म्हणणं वेगळं. ती म्हणते की एरवी या रस्त्याने कोणी न सांगता शंभरेक सायकली जातात, बाबांनी त्याही अडवून ठेवल्या. अतिशयोक्ती आहे. नव्वद असतील.
सौ. कोपराला मलम लावत बसली होती. उद्या तिला त्याच रस्त्याने जायचंय. मला मनापासून, अगदी खोलवर वाईट वाटलं. जेवणानंतर जरा बरं वाटलं.

२८ फेब्रुवारी
समितीने फेरमोजणी मागितली आणि बाईने मान्यही केली! अर्जावर सह्या सौ.च्या आणि काकांच्या. माझ्यासाठी जागा ठेवली नव्हती, घाईत राहून गेली असेल. मी नवं भाषण द्यायची तयारी दाखवली. फक्त सात मिनिटांचं. सगळ्यांना एकदम खोकला आला. साथ असावी.

७ मार्च
फेरमोजणीची तारीख विचारली. ठरली नाही म्हणाले. पुन्हा काकांना गाठून विचारलं, तर त्यांनी चाकात डोकं घातलं ते बाहेरच काढेनात. नर्स मला बघून रस्ता ओलांडतात. माझ्याशिवाय चळवळ अगदी थंडावली आहे. सौ. मात्र घरात गुणगुणत असते. बिचारी दुःख लपवते.
सायकल: साखळी गंजली. गंजलेल्या साखळीने जाणं बेजबाबदारपणाचं.

१२ मार्च, सकाळी ९.२५, ऑफिस
डोकं फिरलंय. आज शाळेच्या रस्त्यावर कुठून कोण जाणे सायकलींचा नुसता पूर! पोरं, नर्स, कारखान्यातली माणसं, काका स्वतः. वळणापासून फाटकापर्यंत मुंगीच्या पावलांनी. मला साडेआठला मीटिंग होती. हॉर्नवरचा हात काढला नाही. पुढे पिवळ्या हेल्मेटवाली एक बाई, जागची हलेल तर शपथ! मी अगदी तिच्या मागच्या चाकाला टेकून हॉर्न वाजवतोय आणि ती आपली शिस्तीत डावीकडून. भर रस्त्यात फाटकापाशी एक महाभाग खुर्ची टाकून बसलेला. वाहतुकीत खुर्ची! तिथे पिवळं हेल्मेट मागे वळलं. सौ. होती. सकाळी, दवाखान्यात लवकर काम आहे, म्हणून निघून गेली होती. नवीन हेल्मेट घेतल्याचं बोलली नव्हती. मी खूश होऊन हात केला. तिने केला नाही.
पुढच्या सभेचा विषय: सायकलवाल्यांची बेशिस्त.

१९ मार्च, संध्याकाळी ६
लेन मंजूर!!
सौ. मंजुरीचं पत्र घेऊन नाचत घरी आली, मागून काका, नर्स, कन्या. दारातच आरडाओरडा, मिठ्या, उड्या. मीही उडी मारली. मग पत्र हातात घेतलं. फेरमोजणी: दोनशे सत्तेचाळीस सायकली. दिनांक १२ मार्च. रोजनिशी काढून त्या दिवसाचं पान वाचलं.
अध्यक्षांना तारीख कळवायची नाही, असा समितीचा ठराव झाला होता. एकमताने. कन्येचं मत धरून.
खाली आणखी एक परिच्छेद. बाईने प्लास्टिकचे खांब खोडून तिथे गुडघाभर उंचीचा काँक्रीटचा कठडा लिहिलाय. कारणही दिलंय: मोजणीच्या वेळी एका मोटारचालकाने सायकलस्वार महिलेच्या मागे हातभर अंतरावरून सलग अकरा मिनिटं हॉर्न वाजवला, सबब अशा व्यक्तींपुढे प्लास्टिक टिकणार नाही.
म्हणजे बघायला गेलं तर काँक्रीट माझ्यामुळेच मिळालं! मी हे बोलूनही दाखवलं. काका हसून हसून जमिनीवर बसले. सौ.च्या डोळ्यांतून पाणी आलं, इतकी हसली. हसणं थांबल्यावर म्हणाली की मागे कोण आहे ते फाटकापर्यंत माहीत नव्हतं, आता उडवतोय हा मेला असं वाटत होतं. मी पत्र तिच्या हातात परत दिलं.
पत्र तिने फ्रिजवर लावलंय. दोनदा वाचलं. समितीच्या सगळ्यांची नावं आहेत, माझं कुठेच नाही. मोटारीचा नंबर आहे. बरोबर आहे.