मायक्रोस्कोपवरचं प्लास्टिक

रविवार संध्याकाळ, म्हसावद

आज पप्पांसोबत ती प्रायव्हेट युनिव्हर्सिटी बघून आले. बायोटेकसाठी. सरकारी यादीत नाव, ग्रेड, सगळं मी आधीच चेक केलं होतं. बरोबर आहे सगळं. पण लॅबमध्ये सगळ्या मायक्रोस्कोपवर कंपनीचं प्लास्टिक तसंच! कोर्स चार वर्षांपासून चालू आहे म्हणे. मग त्या मुलांनी बघितलं काय? लॅब दाखवणाऱ्या सरांना विचारणार होते, तर पप्पा आधीच त्यांना थँक्यू म्हणत होते.

सगळं इतकं जपून ठेवलंय बघून पप्पा एकदम खूश. "देख बेटा, कितलं जपी ठेयेल शे!" स्वतःच्या ट्रॅक्टरच्या सीटवरचं प्लास्टिक त्यांनी अजून काढलं नाही. त्यांना काय सांगू? तरी येताना बोलले, "पप्पा, ते कोणी वापरतच नाही."

पप्पा हसले. "मंग तू वापर. पहिलं प्लास्टिक तूच काढजो."

उद्या ॲडमिशन. याच्यापेक्षा लांब मला पाठवणार नाहीत. आणि प्लास्टिकचं कोणत्या वेबसाईटवर चेक करतात?

लॅबचा फोटो मघापासून झूम करून बघतेय. एकाचं तरी फाटलेलं दिसावं.