पाच ते साडेपाच

बुधवार, १९ नोव्हेंबर

ठमे,

आशीर्वाद लिहिले तर परत पाठवशील, म्हणून मनातल्या मनातच दिलेत.

मी ठीक आहे. माझा अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना चालू आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईंची मान सुयांनी मोकळी झाली, बसचालकाचा गुडघा मात्र माझ्यावर रुसलाय. पाचनंतर हल्ली मी पेशंट घेत नाही. उगीचच.

उगीच नाही. पाच ते साडेपाच ही तुझ्या ढब्बूची वेळ होती.

दीड महिन्याचा होता तेव्हा. पाय पोटाशी घेऊन लालबुंद होईपर्यंत रडायचा, आणि त्याच्याबरोबर तूही. “ताई, टोच गं एकदाची, पण हे थांबव,” असं तूच म्हणालीस. मी तुमच्या घरी येऊन तुला आणि तुझ्या अहोंना खोलीबाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. अशा सहा संध्याकाळी. मग सुयांचं कळल्यावर बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला फैलावर घेतलं आणि तू मला. “माझ्या लेकराला टोचून टोचून गप्प केलंस! पुन्हा येऊ नकोस.” मी जिना उतरले.

आता खरं सांगते. मी त्याला टोचलंच नाही. एकदाही नाही.

पहिल्या दिवशी सुई काढली होती. त्याची मूठ उघडली, एवढासा घामेजलेला तळहात, आणि माझा धीरच होईना. वीस वर्षं माणसांना टोचत आलेली मी! सुई ठेवून दिली, त्याला हातावर पालथं घेतलं आणि खोलीत फेऱ्या मारत राहिले. रडून थकला की झोपायचा. हे दुखणं तीन-चार महिन्यांत आपलं आपण सरतं, हेही मला ठाऊक होतं. तुझे अहो म्हणाले, “सुयांनी गुण आला,” तेव्हा मी गप्प बसले.

का? खरं बोलले असते तर तू त्याला लगेच माझ्याकडून घेतलं असतंस. घ्यायलाच हवं होतं, तुझंच ते. पण मला तो अर्धा तास हवा होता गं. मला मूल झालं नाही, यावर आपण कधी बोललो नाही. आजही नको.

टोचलं नाही म्हणून माझी चूक नाही, असं मी म्हणत नाही. तुला फसवलंच. पण त्याला बघायचंय. चार महिन्यांचा झाला, आता हसत असेल. येऊ का? तू घेऊन बस, मी समोर बसेन. हातात दिलं नाहीस तरी चालेल.

तुझी ताई
(त्याची मावशी असं लिहिणार होते. तू हो म्हणालीस की लिहीन.)