गावभट्टीची टोपी

मी, रोझविथा ब्रेनआइस, वय वर्षे ८४, राहणार हासेलब्रुन, चर्चच्या मागचे घर, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझं डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गावाचं मत वेगळं आहे, पण ते कोणी विचारलेलं नाही. हाताने लिहिलेल्या अशा कागदाला आमच्या देशात कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. हासेलब्रुनला लागतात.

घर व परसबाग भाचा डेटलेफ यास द्यावी. अट अशी की रविवारी त्याने गवत कापायचं यंत्र लावू नये. रविवारी आवाज केला म्हणून तक्रार करायला शेजारी खिडकीत बसून त्याचीच वाट पाहत असतात.

हिरवी शिडी अग्निशमन दलाचे प्रमुख विनफ्रीड यांना द्यावी. एकतीस वर्षांत गावात एकच आग लागली, तीही दलाच्याच शेडमध्ये, सॉसेज भाजताना. तेव्हा त्यांची शिडी सापडत नव्हती.

गायन मंडळाने माझ्या अंत्यविधीला गाऊ नये. एकशेबारा वस्तीच्या गावात नऊ मंडळं आहेत आणि सगळ्यांत तीच माणसं, त्यामुळे गाणं नसलं तरी कोणी ना कोणी हजर राहीलच.

रचून ठेवलेलं बीच झाडाचं सगळं लाकूड गेर्लिंडे हास्पेल हिला द्यावं. याचं कारण लिहिणं भाग आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावभट्टीवर पाव भाजायच्या पाळ्या टोपीतल्या नंबर घातलेल्या चकत्या काढून ठरतात. एक नंबरवाल्याला गार भट्टी तापवावी लागते. दुप्पट लाकूड जातं आणि पाव कच्चा राहतो. टोपी माझ्याकडे असते. १९७९ साली गेर्लिंडे माझ्या आलुबुखाऱ्याच्या केकबद्दल चारचौघींत म्हणाली, "घरच्या घरी खायला चांगला आहे."

तेव्हापासून एक नंबरची चकती मी तळहातात लपवते आणि सर्वांत शेवटी, ती हळूच आत टाकून, टोपी तिच्यापुढे धरते. कोणाला शंका आली नाही. नियम पाळल्यासारखा दिसला की आमच्याकडे कोणी आत डोकावत नाही. तिचा नवरा तिला पनवती म्हणायचा, मग गाव म्हणू लागलं, शेवटी तीही म्हणू लागली. नातीच्या लग्नात ती मुद्दाम मागच्या बाकावर बसली, आपली सावली नको म्हणून. मला त्या दिवशी लाज वाटली, अजून वाटते. तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून तिलाच साक्षीदार केलं आहे. वाचल्याशिवाय ती पावतीवरही सही करत नाही.

ता.क. तिने उभ्यानेच वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं.

"चव्वेचाळीस वर्षं मी स्वतःला अपशकुनी समजत होते, रोझविथा," एवढंच म्हणाली आणि पेन मागितलं.

हासेलब्रुन, दि. ३० ऑक्टोबर २०२३

(सही) रोझविथा ब्रेनआइस

साक्षीदार :
१. विनफ्रीड होल्त्साप्फेल (चष्मा घरी राहिल्यामुळे न वाचता)
२. गेर्लिंडे हास्पेल. सही केली आहे. येत्या शनिवारी टोपी मी धरणार. तोवर मरायचं नाहीस.