लीलावतीने मला सांगितलं होतं

भोपाळ
१३ डिसेंबर १९५९

प्रिय नरहर,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. तीनदा उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. आज मात्र पुरं केल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं आहे.

ऑफिस नागपूरहून इकडे हललं तेव्हा तुझी बहीण किती उत्साहात होती, तू पाहिलंसच. इथे आम्हाला क्वार्टर मिळालं ते चढावर. भाजी घेऊन वर येताना ती मध्येच थांबून तलावाकडे बघत राहायची. मला वाटे, हिला तलाव आवडतो. ती दम खात होती, हे फार उशिरा कळलं. शेजारच्या दुबेबाई म्हणायच्या, "भाभी के गाल देखो, यहाँ का पानी रास आ गया." गाल लाल होते खरे, पण ओठ निळसर दिसायचे. पुढे पुढे आडवं झालं की तिला खोकला येई. पाठीशी दोन वळकट्या लावून ती बसूनच डोळा लावायची.

शेवटी तिला एका वयस्कर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं, डाव्या कुशीवर वळवून पुन्हा ऐकलं. मग तिला बाहेर बसवून मला विचारलं, लहानपणी कधी घसा येऊन सांधे सुजले होते का? तो ताप सांधे सोडून जातो, पण हृदयाची झडप आखडून ठेवतो, म्हणाले. रक्त पुढे सरकत नाही, मागे फुफ्फुसात तुंबतं. मुंबईत आता ऑपरेशन करून झडप मोकळी करतात, तिकडे न्या. तोवर मीठ कमी, जड काम बंद. "और बच्चा अभी बिल्कुल नहीं."

मी मान डोलावली. बाहेर येऊन लीलावतीला म्हणालो, "अशक्तपणा आहे, टॉनिक दिलंय." कायम होण्याची ऑर्डर दोन महिन्यांवर आली होती, तेवढ्यात मोठी रजा मागायला जीव धजेना. तिला मुलाची फार आस होती, आणि मलाही. दिवाळीत तिला दिवस राहिले.

सातव्या महिन्यात एका दुपारी शेजाऱ्यांनी मला ऑफिसातून बोलावून आणलं. ती पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून ताठ बसली होती. तोंडातून गुलाबी फेस येत होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दमलेली वाटली म्हणून मी तिला पाठीवर टेकवू लागलो, तर एवढंच म्हणाली, "झोपवू नका मला." त्यानंतर ती बोलली नाही. अजून मला आडवं होववत नाही, नरहर. पाठ टेकली की तिचा श्वास ऐकू येतो, खोलीतच कुठेतरी, अगदी जवळ. खुर्चीत बसूनच झोपतो.

तेराव्याला तुझ्या आईंनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. "पोरीचं दुखणं आम्ही लपवलं, तिलाही बोलू दिलं नाही," म्हणाल्या. मी गप्प उभा राहिलो. तुम्हाला वाटलं, मोठ्या मनाने माफ केलं. लग्नानंतर चौथ्याच दिवशी लीलावतीने मला सगळं सांगितलं होतं. सांधे, ताप, छातीतला आवाज, काहीच लपवलं नव्हतं. दीड वर्ष मी तुम्हाला माझ्या वाटणीचा दोष वाहू दिला.

आता तू लिहितोस, तुझ्या शशिकलेचा घसा आला, मग गुडघे, घोटे सुजले, आता बरी आहे. नऊ वर्षांच्या पोरीच्या लग्नाला पुढे आड यायला नको म्हणून तुम्ही कुठे बोलला नाहीत. म्हणून हे पत्र. तिला उद्याच मोठ्या दवाखान्यात ने आणि छाती ऐकवून घे. ताप पुन्हा उलटू नये म्हणून हल्ली दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, पोर हसतीखेळती दिसली तरी एकही महिना चुकवू नकोस. गरज पडली तर मुंबईला मी बरोबर येईन. आणि आईंना हे पत्र तूच वाचून दाखव, एकही ओळ न गाळता.

तुझाच, अजून तसं म्हणू देशील तर,
नीळकंठ