वाढीव पट्टीनं केलेली मशीनगन

आबा, काल तुमच्या कारखान्यातले इंजिनियर साहेब घरी आले होते. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला कळवायला हवं, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. साहेब आता निवृत्त आहेत, काठी टेकत चालतात, आणि बारामतीच्या एका कॉलेजासाठी जुनी यंत्रं गोळा करतात. माळ्यावरचा तुमचा लाकडी नमुना त्यांना हवा होता.

नव्वदीतली ती वर्षं. लासुर्ण्याहून सायकलनं तुम्ही कारखान्याच्या सुतारखान्यात जायचात, ओतकामाचे लाकडी साचे करायला. ऊस गाळायच्या यंत्रांचे भाग करणाऱ्या त्या कारखान्याकडे सैन्यासाठी एक प्रयोग आला: सहा नळ्या गोल बांधलेली, फौजेच्या गाडीवर बसवायची मशीनगन. मोटर लावली की नळ्या फिरणार आणि एकेक करून गोळी सोडणार. लोखंडात करण्याआधी बैठकीत ठेवायला ती अख्खी लाकडात हवी होती. ते काम तुम्हाला मिळालं आणि तुम्ही हरखलात. आई म्हणाली, "आधी माझ्या मांडणीचं बघा, मग लढाईला जावा."

ओतलेला धातू निवला की आटतो, म्हणून साचेवाल्यांची पट्टीच वाढीव असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरा मोठा. हाताच्या सवयीनं तुम्ही स्वयंपाकघरातली मांडणी त्याच पट्टीनं केलीत आणि ती कोनाड्यात शिरेना. "थंडी पडली की आटंल व्हय ही?" आई येताजाता विचारायची, आणि तुम्ही मान खाली घालून हसायचात.

पुढं बंदुकीचं काम बंद पडलं. फौजेनं ती घेतली नाही, एवढंच सुतारखान्यात कळलं, आणि लाकूडच ते, म्हणून नमुना तुम्हाला घरी न्यायला सांगितला. मी इंदापूरला शिकवत होते, रविवारची आले होते. तुम्ही चुलीपुढं बसला आहात, भाकरीचा तुकडा हातात तसाच आहे.

"त्याच पट्टीनं केली गं मी ती," तुम्ही म्हणता. "गाडीवर बसंना म्हणलं असतील. माझ्यामुळं गेली."

"कुणी सांगितलं असं?"

"सांगाय कशाला लागतंय?"

"मग साहेबांना विचारा सरळ."

"कुठल्या तोंडानं इचारू?"

मी चिडून विषय सोडला. तुम्ही विचारलं नाहीतच. नंतर घरात साधी फळी कापायची तरी मला हाक मारायचात: "बघ गं, साधीच पट्टी हाय न्हवं?" शेवटच्या आजारात खाटेच्या पायाला ठोकळा लावायचा होता, तेव्हाही विचारलंत.

काल मी साहेबांना ते विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. "मापाचं काय घेऊन बसलात बाई? बंदूक लोखंडात झाली, माळावर चाचणी झाली. थोडी चालली की अडकायची, आणि मोटर वीज खायची बेसुमार. फौज म्हणाली, नको. विषय संपला."

"आणि लाकडी नमुना?"

"तो टेबलावर होता. सगळ्यांनी एकेकदा फिरवला, मजा वाटली. मोजला कुणीच नाही."

साहेबांना आणखी चहा विचारायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही. आज दिवसभर घरातली कामं उरकली. एवढी वर्षं तुम्ही जे वाहिलंत त्याला काही आधारच नव्हता. आणि ते कळायला एक प्रश्न पुरला, तोही मी काल विचारला.

तुम्ही असता तर तुमची चूक नव्हती, हे मी उंबऱ्यातूनच ओरडून सांगितलं असतं. कुणी मोजलाच नाही, हे मात्र गिळून टाकलं असतं. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून दोन्ही लिहिलं.

साहेबांच्या हाती दिलं: लाकडी नमुना एक, नळ्या सहा, फिरवायचा दांडा एक. नमुना ज्यात बांधून ठेवला होता ते पोतं परत घेतलं.