पदराची गाठ मोबाईलात

४ ऑगस्ट, सोमवार
लिहून घे!
पंकजा म्हणते, मशिनला असं दरडावायचं नसतं, नुसतं बोलायचं. बरं. ती माझी नात, तिच्या कंपनीचं हे नोंदवहीचं ॲप. आपण बोलायचं, लॅपटॉप लिहितो, परत वाचूनही दाखवतो. मला अक्षराचा गंध नाही, तरी माझी रोजनिशी! मी ‘हाय’ म्हणते, हा ‘आहे’ लिहितो म्हणे. घरात आणखी एक मास्तर आला.
आवाज मात्र बारीक. पंकजानं आज पुन्हा वाढवून दिला. पोरीला कंपनीनं स्वस्तातलं मशिन दिलंय.

६ ऑगस्ट
कंपनीला आता हेच ॲप मोबाईलवर आणायचंय. आराखडा पंकजा करणार, पोळ्याच्या आत. पण पुण्याचे साहेब म्हणतात, आधी फक्त टाइप करायची सोय. बोलायची पुढच्या वर्षी बघू. आणि पोळा झाला की पंकजा पुण्याला, लॅपटॉप तिच्यासंगं. म्हणजे माझी रोजनिशी मुकी!
म्हटलं, साहेबांना सांग, पुढच्या वर्षी मी आहेच. तुमचं ॲप असेल का ते बघा.

८ ऑगस्ट
सून छबू दहावी शिकलेली, पण तोंडात कायम मिठाची गुळणी. हल्ली बोललीच तर सगळ्या अंगणाला वळसा घालून माझ्या उजव्या हाताला येऊन बोलते. माझी खाट उगाच फिरवली. ताट ठेवते ते आपटून. बोलले तिला. “व्हय आत्या,” म्हणाली आणि रात्री पुन्हा आपटलं.

११ ऑगस्ट
पंकजानं कागदावर चौकोन काढले. इथं शोधायचं, इथं नोंदीचं नाव. म्हटलं, शेजारची गोजरबाई नाव कसं वाचणार? तिनं विचारलं, “मग आज्जी, तू कसं ध्यानात ठेवतेस?”
मी पदर दाखवला. टोकाला गाठ होतीच. ऊसतोडीला जायचो तेव्हा एकेका पदराला चार-चार गाठी. खोट एकच — गाठ दिसते, कशाची ते आठवत नाही. म्हणून मी गाठ माणसाच्या नावानं मारते. ही मच्छिंद्र दूधवाल्याची, ही गोजरीची. माणूस समोर आलं की काम आठवतं.
पंकजानं पेन उचललं. मग सगळे चौकोन खोडले. आता मोबाईलात नुसते चेहरे. चेहरा दाबायचा, बोलायचं, गाठ बसली. पुन्हा दाबला की ऐकू येतं. काम झालं की बोटानं सारायचं, गाठ सुटली.
दहावी शिकलेली मी असते तर कंपनीच काढली असती.

१४ ऑगस्ट
छबूच्या मोबाईलवर चाचणी. घरातल्यांचे, शेजाऱ्यांचे फोटो घातले. मी गोजरीला गाठ मारली — नेलेली शेणाची पाटी परत माग, पण तिचा चहा झाल्यावर.
आली. चहा झाला. मी फोटो दाबला आणि मेलं सगळं तिच्यासमोर बोललं! गोजरी म्हणाली, “मशिन बसवलंय व्हय माझ्यावर? मग त्येला ह्ये बी सांग, पाटी तुजी न्हाईच.”
आराखड्यात भर: कानाला लावून ऐकायची सोय. ती केली, पण कच्ची. उजव्या कानाला लावला तर बोलतो, डाव्याला लावला की मुका. पंकजाला म्हटलं, हेही साहेबांना कळव. तिनं छबूकडं बघितलं. छबू चूल बघायला आत गेली.

२० ऑगस्ट
साहेब वाकले! बोलायची सोय पहिल्यापासून. चाचणीतली एक गाठ ऐकून म्हणे त्यांची मान खाली गेली. गोजरीचीच असणार, मला खात्री. पंकजा सांगेना. जिची होती तिला विचारून ऐकवली, एवढंच म्हणाली.
रोजनिशी छबूच्या मोबाईलवर घातली, वर कुलूप. माझ्या अंगठ्यानं उघडतं. जन्मभर अंगठा लावला, आता तीच किल्ली.

२२ ऑगस्ट
पोळा. पुरणपोळी. बाकी काही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
पंकजा सकाळच्या एसटीनं गेली. छबू शेतात. मोबाईल माझ्याकडं.
माझा फोटो कसा आलाय बघावं म्हणून दाबला. आत गाठ होती. छबूचा आवाज.
“आत्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवीकडून बोलायचं. ताट वाजवून ठेवायचं, म्हणजे आलेलं कळतं. त्यांना यातलं कळू द्यायचं नाही, मनाला लागेल त्यांच्या.”
डाव्या कानाला लावून बघितला. मग उजव्या.
उद्याही ताट आपटलं की ओरडायचंच. नाहीतर तिला कळेल, मला कळलंय ते.
ही गाठ मोबाईलात नाही मारली. पदराला मारली.