नकाशाच्या कापडाचं झबलं

बाबा, विसरण्यात तुमचा हात कोण धरणार? चष्मा कपाळावर आणि शोध साऱ्या घरात. म्हणून आधी ओळख सांगते. मी तुमची पोरगी, ओल्या हातांची. बोलते मी आणि लिहिते तुमची सून, कारण मला अक्षर येत नाही आणि तिला येतं. ह्याच एका गोष्टीवरून मी तिच्यावर जन्मभर जळत आले. 'जळत' लिही वं, खोडू नको. मी 'मले' म्हणते तर ती 'मला' लिहिते. मॅट्रिक झालेल्या हाताला तेवढी सूट द्यावी लागते. माझा म्हातारा, तुमचा जावई, गेल्यापासून मी तिच्याकडेच राहते. नातवंडांना वेळ नाही, नाहीतर लिहायला दुसरं कोणी शोधलं असतं.

तुम्ही कचेरीत नकाशे उतरवायचे. सरकारनं मैल काढून किलोमीटर आणले आणि जुन्या नकाशांना नवं माप द्यायचं काम निघालं. रविवारीसुद्धा गुंडाळ्या घरी यायच्या. दोन पेट्यांवर खिडकीची काच, काचेखाली दिवा, काचेवर जुना नकाशा आणि त्यावर रेघा उतरवायचं ते निळसर, आरपार दिसणारं, खळ दिलेलं चकचकीत कापड. एका खात्याचा नकाशा मोठ्या मापाचा, दुसऱ्याचा लहान. एकात नदी कडेला जिथं संपते, दुसऱ्यात तिथून बोटभर बाजूला सुरू होते. तुमच्याकडे लाकडी दांड्यांचं एक यंत्र होतं. त्याचं एक टोक जुन्या रेघेवरून फिरवलं की दुसरं टोक तीच रेघ लहान करून काढायचं. वहिनी शेजारी बसून गावांची नावं वाचते आहे. "मामाजी, इथं नदी तुटून राहिली." "तुटन नाही तर काय? दोन खात्यायची नदी हाय ते. जोडू हळूहळू." आणि दोघं हसता. मी चुलीपाशी बसून ते हसणं ऐकते.

एकदा मीही पाहायला आले, मळत्या कणकेच्या हातांनी. तुम्ही केवढ्यानं ओरडलात, "तिकडंच थांब वं! एक थेंब पडला तर पुरं गाव वाहून जाईन." खोटं नव्हतं ते. पाणी लागलं की त्या कापडाची खळ सुटते आणि शाई पसरते. पण बाबा, घरात कोरडे हात कोणाचे राहणार? जिच्या वाट्याची भांडी मी घासली, तिचेच. आई गेली तशी चूल माझ्याकडे आली आणि पाटी कोनाड्यातच राहिली. ही मात्र सासरी आली तीच शिकून.

पुढं माझं लग्न नरखेडकडं झालं आणि पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. वहिनीचंही पोर तेव्हा तान्हं होतं. नवे नकाशे तयार झाले होते, म्हणून साहेबाला विचारून बाद झालेलं एक कापड तुम्ही घरी आणलंत आणि अंगणात, मोठ्या पातेल्यात, स्वतःच्या हातानं उकळलंत. आधी बारीक गावं गेली, मग रस्ते, शेवटी नदी. पाणी सारं शाईचं झालं आणि कापड निघालं दुधावरच्या सायीसारखं. आपल्यात तान्ह्याला कोरं घालत नाहीत. घरच्या माणसाच्या हाताखालचं, वापरातलं जुनं घालतात. मी मनात झबलं बेतूनही ठेवलं होतं. तुम्ही ते कापड वहिनीच्या हातात दिलंत, सायकल काढली आणि दिवेलागणीला गांधीबागेतल्या कापडबाजारातून माझ्या पोरीसाठी कोरी मलमल घेऊन आलात, दुकानदाराच्या कागदात गुंडाळलेली. मी म्हटलं, "चांगली हाय." कोरं कापड पाहुण्याला देतात, बाबा. मी पाहुणी कधी झाले? दुसऱ्या बाळंतपणात तर आशाच ठेवली नाही. कचेरीत तोवर प्लॅस्टिकचा कागद आला होता. तो उकळून कोणाचं झबलं होणार?

इथं वहिनीनं पेन खाली ठेवलं. मी दटावून परत उचलायला लावलं, आणि मग आमचं जे बोलणं झालं तेही तिलाच लिहायला लावते आहे.

"बाई, मामाजीनं ते तुमच्यासाठीच उकळलं होतं."

"मंग काहून नाही देलं?"

"धुतल्यावर हातात घेऊन बसले. म्हणे, सासरचे हसतीन पोरीले, बापानं कचेरीतलं फेकलेलं कापड नातीले घातलं म्हणून. न् गेले गांधीबागेत."

"न् हे तू मले आज सांगतं?"

"काहून सांगू? माह्या पोराले फेकलेलं चालते, न् पोरीच्या पोरीले कोरी मलमल! त्या मलमलीकडं पाहू पाहू झबलं शिवलं मी. दोनदा सुई टोचून घेतली."

घ्या. मी तिच्या कापडावर जळत होते आणि ती माझ्या. दोन खात्यांच्या नद्या जोडल्यात तुम्ही, आणि घरातल्या ह्या दोघी बोटभर चुकलेल्याच राहिल्या. तुम्हाला दिसलं कसं नाही? चष्मा कपाळावर असणार.

वहिनी विचारते, पाकिटावर पत्ता काय घालू? एवढी गावं जागेवर बसवणाऱ्या माणसाचा पत्ता आम्हा दोघींनाही ठाऊक नाही. पत्र गादीखाली ठेवते. पण एक कबूल करते. मलमल चांगली होती. पोरगी वर्षभर तीच घालून झोपली, आणि मी तुम्हाला साधं तेवढंही कळवलं नाही. जळणं मात्र एवढ्यानं थांबायचं नाही, सवयीचं झालं आहे.

पितृपक्षात तुमच्या पानावर सांबारवडी पाठवते, कोथिंबीर ठासून भरलेली, आतून चिंच जास्त लावलेली, सोबत ताकाची कढी. वहिनीही तिची एक ठेवणार म्हणते. तिची खुसखुशीत होते, मला ठाऊक आहे. ठेवू दे. कावळ्याला तेवढं बजावून पाठवा, चोच आधी माझ्या वडीला लाव म्हणून.